नोड-आधारित संपादकांतील जोडण्या : सुवाच्य रचनेची तत्त्वे

संगणकाला द्यायच्या सूचना ओळींमागून ओळी लिहून देण्याऐवजी पडद्यावर चौकटी मांडून आणि त्या रेषांनी जोडून देण्याची जी पद्धत आहे, तिला नोड-आधारित दृश्य प्रोग्रॅमिंग म्हणतात. या पद्धतीत प्रत्येक चौकट, म्हणजे नोड, एक ठरावीक काम करते. नोडच्या कडेवरील लहान ठिपके, म्हणजे पोर्ट, माहिती आत घेण्याची व बाहेर सोडण्याची ठिकाणे असतात. आणि एका नोडच्या बाहेरच्या पोर्टपासून दुसऱ्या नोडच्या आतल्या पोर्टपर्यंत ओढलेली रेषा, म्हणजे वायर, ही माहिती कोठून निघून कोठे जाते हे सांगते. नोड आणि वायर यांनी मिळून जी आकृती बनते तिला फ्लो असे म्हणतात, आणि फ्लो रेखाटण्याच्या, बदलण्याच्या व चालवण्याच्या साधनाला संपादक असे नाव आहे.

ही कल्पना नवी नाही. विल्यम सदरलँड यांनी १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सादर केलेल्या प्रबंधात पडद्यावर आकृती काढून संगणकाची कार्यपद्धती सांगण्याचा विचार मांडला होता. १९८६ मध्ये मोजमापाच्या उपकरणांसाठी लॅबव्ह्यू हे साधन बाजारात आले. आणि २०१३ मध्ये आयबीएममधील निक ओ'लेरी व डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी नोड-रेड हे साधन तयार केले, जे त्याच वर्षी सर्वांसाठी मुक्त झाले. त्रिमितीय चित्रांसाठी ब्लेंडर, खेळांसाठी अनरिअल इंजिनमधील ब्लूप्रिंट, चित्रपटांतील दृश्यमिश्रणासाठी न्यूक, संगीतासाठी प्युअर डेटा अशी या कुळातील साधने आज निरनिराळ्या क्षेत्रांत वापरली जातात. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींमुळे फाउंड्री व यंत्रशाळांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापुरात, भट्टीचे तापमान नोंदवणे किंवा पंपाची स्थिती पडद्यावर दाखवणे यांसारख्या कामांना नोड-रेडसारखे मोफत साधन विशेष उपयोगी पडण्याजोगे आहे, आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते थोड्या अवधीत आत्मसात करता येते.

परंतु फ्लो चालणे आणि फ्लो वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायर पडद्यावर कशी वळते, कोणाला ओलांडते, किती लांब जाते याच्याशी संगणकाला काहीही कर्तव्य नसते. नोड-रेडच्या साठवलेल्या फाइलमध्ये तर मांडणीबाबत नोडचे स्थान आणि त्याला जोडलेल्या पुढच्या नोडची ओळख एवढेच नोंदवलेले असते, वायरचा मार्ग नोंदवलेलाच नसतो. म्हणजे रेषेचे दिसणे हे सर्वस्वी माणसासाठी आहे, आणि ती काढणाऱ्याने जी काळजी घ्यायची ती पुढे हा फ्लो उघडून त्यात दुरुस्ती करणाऱ्या माणसासाठी घ्यायची आहे, हे सूत्र या लेखातील सर्व सूचनांच्या मुळाशी आहे.

आधाराला घेतलेले उदाहरण

पुढील विवेचनासाठी कोल्हापूरकरांच्या परिचयाचे एक उदाहरण घेणे सोयीचे आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांच्या संगमातून पंचगंगा होते. शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर तिची पातळी फुटांत मोजली जाते, आणि तेथे ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या महापुरांत हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. भोगावतीवरील राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि त्यांतून सुटणारा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या घनफुटांत, सांगितला जातो.

समजा, एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना नोड-रेडमध्ये असा फ्लो रचायचा आहे, की ज्यात राजाराम बंधाऱ्यावरील पातळी, राधानगरीचा विसर्ग आणि गगनबावड्याचा पाऊस या तीन नोंदी येतील, त्यांची शहानिशा होईल, पातळीची तुलना ३९ व ४३ या आकड्यांशी होईल, आणि त्यानुसार नोंद साठवणे, पडद्यावर दाखवणे व मोबाइलवर संदेश पाठवणे ही कामे होतील. ही रचना केवळ समजावणीसाठी योजलेली असून कोणत्याही कार्यालयाची प्रत्यक्ष यंत्रणा येथे अभिप्रेत नाही. परंतु जोडण्यांचे जवळजवळ सर्व प्रश्न या लहान फ्लोमध्ये उभे राहतात.

दिशा एकच असावी

पहिला नियम असा, की संपूर्ण फ्लोची वाहण्याची दिशा एकच असावी आणि ती त्या साधनाच्या रूढीला धरून असावी. नोड-रेड, ब्लेंडर आणि ब्लूप्रिंट यांत माहिती डावीकडून उजवीकडे जाते. न्यूकमध्ये ती वरून खाली येते. देवनागरी वाचणाऱ्या डोळ्याला डावीकडून उजवीकडे जाण्याची सवय असल्यामुळे पहिल्या प्रकारच्या साधनांत ही दिशा पाळणे सोपे आहे, आणि तरीही घाईच्या कामात नोड जेथे जागा असेल तेथे ठेवला जातो व वायर मागे वळून जाते. नोड-रेडमध्ये पुढचा नोड मागच्या नोडच्या डावीकडे ठेवला, तर वायर मोठा वळसा घेऊन परत येते आणि वाटेतील नोडांवरून जाते. वायरचा मार्ग स्वतंत्रपणे बदलता येत नसल्याने तेथे वायर सुधारायची म्हणजे मुख्यतः नोड हलवायचा किंवा पुढे सांगितलेला जंक्शन वापरायचा.

उदाहरणातील फ्लोसाठी चार उभे स्तंभ मनाशी ठरवावेत : पहिल्यात नोंदी घेणारे नोड, दुसऱ्यात शहानिशा, तिसऱ्यात तुलना व निर्णय, चौथ्यात परिणाम. प्रत्येक नोड आपल्या स्तंभातच राहील अशी शिस्त पाळली, की वायर केवळ एका स्तंभातून पुढच्या स्तंभात जाते आणि वाचकाला एका नजरेत फ्लोचे टप्पे समजतात. नोड जाळीवर, म्हणजे समान अंतरावरील अदृश्य बिंदूंवर, आपोआप बसवण्याची सोय बहुतेक संपादकांत असते. ती चालू ठेवल्यास एका ओळीतील पोर्ट समपातळीवर येतात आणि त्यांच्यामधील वायर सरळ आडवी राहते. मागे जाणारी वायर फक्त एकाच कारणासाठी ठेवावी, ते म्हणजे खरोखरीची पुनरावृत्ती. मग मागे वळलेली रेषा दिसताच येथे काहीतरी पुन्हा घडते असे वाचकाला विश्वासाने म्हणता येते.

छेद कमी करावेत

दोन वायर एकमेकींना ओलांडतात त्या ठिकाणाला छेद म्हणतात. आकृतीच्या वाचनीयतेवर कोणत्या गोष्टीचा किती परिणाम होतो याचा प्रयोगाने शोध घेणाऱ्या हेलन पर्चेस यांना १९९७ मध्ये असे आढळले, की त्यांनी तपासलेल्या घटकांपैकी छेदांची संख्या हा घटक समजण्यावर सर्वांत मोठा परिणाम करतो. पुढे वीडाँग हुआंग, सोक-ही हाँग आणि पीटर ईड्स यांच्या अभ्यासांतून हेही पुढे आले, की छेद टाळता येत नसेल तर तो काटकोनाच्या जवळचा असावा, कारण दोन रेषा तिरप्या कोनात, जवळजवळ समांतर जात एकमेकींना छेदतात तेव्हा डोळा एका रेषेवरून दुसरीवर घसरतो.

छेद कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे नोडांचा उभा क्रम बदलणे. उदाहरणातील तुलनेच्या नोडला तीन बाहेरचे पोर्ट आहेत असे धरू : वरचा धोक्याचा, मधला इशाऱ्याचा, खालचा सामान्य स्थितीचा. पुढच्या स्तंभातील नोडही याच क्रमाने, म्हणजे वर धोका, मध्ये इशारा, खाली सामान्य, असे ठेवले तर तिन्ही वायर समांतर जातात आणि एकही छेद होत नाही. तेच नोड उलट्या क्रमाने ठेवले तर त्याच तीन जोडण्यांतून तीन छेद निर्माण होतात, आणि धोक्याची वायर सामान्य स्थितीच्या नोडाला लागली आहे की काय अशी शंका प्रत्येक वेळी निर्माण होते.

येथे क्रमाचा आणखी एक पदर आहे, जो आकृतीपुरता मर्यादित नाही. नोड-रेडमधील स्विच नोड, म्हणजे अटीनुसार वाट निवडणारा नोड, आपल्या अटी वरून खाली तपासतो आणि सर्व अटी तपासायच्या की पहिली लागू पडताच थांबायचे हे त्यात ठरवता येते. पाणी ४५ फुटांवर असताना ते ३९ च्याही वर असते आणि ४३ च्याही वर असते; सर्व अटी तपासण्याची निवड तशीच राहिली, तर इशाऱ्याचा व धोक्याचा असे दोन्ही संदेश एकाच वेळी सुटतील. म्हणून ४३ ची अट सर्वांत वर ठेवावी, पहिली अट लागू पडताच थांबण्याची निवड करावी, आणि पोर्टांचा तोच क्रम पुढील नोडांच्या मांडणीतही उतरवावा, म्हणजे आकृतीतील वरचे ते अधिक गंभीर असा अर्थ वाचकाला आपोआप मिळेल.

रेषेचा आकार

वायर काढण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत : सरळ रेषा, काटकोनात वळणारी रेषा आणि वक्र रेषा. सरळ रेषा सर्वांत आखूड असते, पण ती वाटेतील नोडांखालून किंवा त्यांच्यावरून जाते. काटकोनी रेषा विद्युत-आराखड्यांची सवय असलेल्या तंत्रज्ञाला जवळची वाटते; मात्र अनेक काटकोनी रेषा एकाच मोकळ्या पट्टीतून गेल्या, की त्या एकमेकींवर पडतात आणि कोणती कोठे वळली हे ओळखता येत नाही, म्हणून अशा रेषांमध्ये अंतर राखणे अत्यावश्यक असते. वक्र रेषा पोर्टमधून आडवी निघून पुढच्या पोर्टमध्ये आडवीच शिरते, त्यामुळे ती कोणत्या पोर्टची आहे हे दोन्ही टोकांना स्पष्ट राहते आणि छेदाच्या जागीही तिचे वळण डोळ्याला पुढे नेत राहते. मानवी दृष्टी खंड न पडता पुढे जाणाऱ्या रेषेला एकच रेषा मानते, हे मॅक्स वर्थायमर यांनी १९२३ मध्ये मांडलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. अचानक वळणारी वायर ही या तत्त्वाच्या विरुद्ध जाते आणि म्हणून वाचायला कष्टाची होते.

ब्लेंडरमध्ये वायरची वक्रता सेटिंगमधून कमीजास्त करता येते, तर लॅबव्ह्यूमध्ये वायरचे वळणबिंदू हाताने हलवता येतात. जेथे अशी निवड उपलब्ध असेल तेथे एका प्रकल्पात एकच रीत ठेवावी, कारण रेषांच्या आकारातील फरकाला वाचक नकळत अर्थ देतो आणि तसा अर्थ नसताना तो शोधण्यात त्याचा वेळ जातो. वायर कधीही असंबद्ध नोडाखालून जाऊ देऊ नये. नोडाच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघालेली रेषा त्या नोडालाच जोडलेली आहे, असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे.

रेषेतून काय वाहते ते दिसावे

लॅबव्ह्यूमध्ये वायरचा रंग व जाडी यांवरून तिच्यातील माहितीचा प्रकार कळतो : दशांश संख्येची वायर नारिंगी, पूर्णांकाची निळी, होय-नाही स्वरूपाची हिरवी, मजकुराची गुलाबी, एकच मूल्य असेल तर रेषा बारीक आणि मूल्यांची यादी असेल तर जाड. प्युअर डेटामध्ये नियंत्रणाच्या संदेशांची वायर बारीक व ध्वनीची जाड असते, आणि ब्लूप्रिंटमध्ये कामाचा क्रम सांगणाऱ्या पांढऱ्या वायर माहितीच्या रंगीत वायरांपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात. अशा साधनांत विसंगत प्रकारांची जोडणी एकतर होतच नाही किंवा झाली तर ती तुटक अथवा लाल दिसते.

नोड-रेडमध्ये अशी सोय नाही. तेथे सर्व वायर सारख्याच दिसतात आणि कोणताही बाहेरचा पोर्ट कोणत्याही आतल्या पोर्टला जोडता येतो. उदाहरणातील फ्लोमध्ये राधानगरीच्या विसर्गाची वायर चुकून पातळीच्या तुलनेला जोडली गेली, तर हजाराच्या घरातील क्युसेकचा आकडा ४३ शी ताडला जाईल आणि नदी पात्रात असतानाही धोक्याचा संदेश सुटेल; यंत्राच्या दृष्टीने यात काहीच चूक नसल्यामुळे ते तक्रारही करणार नाही. यावर उपाय तिहेरी आहे : नोडच्या नावातच एकक लिहावे, जसे ‘राजाराम पातळी, फूट’ किंवा ‘राधानगरी विसर्ग, क्युसेक’, बाहेरच्या पोर्टांना नावे देण्याची जी सोय नोडच्या सेटिंगमध्ये असते ती वापरावी, आणि निरनिराळ्या एककांच्या नोंदी वेगवेगळ्या आडव्या ओळींत ठेवाव्यात, म्हणजे एका ओळीतून दुसरीत जाणारी वायर ही मुद्दाम पाहण्याजोगी बाब ठरेल.

रंगांचा वापर करताना केवळ रंगावर भिस्त ठेवू नये. लाल व हिरवा यांतील फरक न ओळखू शकणारे लोक, विशेषतः पुरुष, समाजात पुष्कळ आहेत, आणि आकृती कृष्णधवल छापली जाते तेव्हा तर सर्वांसाठीच रंग नाहीसा होतो. म्हणून रंगाच्या जोडीला जाडी, तुटकपणा, पोर्टचा आकार किंवा नाव यांपैकी काहीतरी एक असावे. ब्लेंडरच्या जिऑमेट्री नोड्समध्ये पोर्टच्या रंगाखेरीज त्याच्या आकारालाही अर्थ दिलेला आहे, हे याचे चांगले उदाहरण होय.

एकातून अनेक आणि अनेकांतून एक

एका बाहेरच्या पोर्टमधून अनेक वायर निघतात तेव्हा तीच माहिती अनेक ठिकाणी जाते. अशा वायर पंख्यासारख्या पसरतात आणि पहिल्याच टप्प्यात गर्दी करतात. त्याऐवजी एक वायर काही अंतर पुढे नेऊन तेथून फाटे फोडणे अधिक सुवाच्य असते. नोड-रेडच्या २०२२ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून जंक्शन, म्हणजे वायरला वळण किंवा फाटा देणारा लहान बिंदू, उपलब्ध आहे. ब्लेंडर व ब्लूप्रिंटमध्ये याच कामासाठी रीरूट नोड असतो आणि न्यूकमध्ये डॉट असतो. या बिंदूंनी माहितीत कोणताही बदल होत नाही, त्यांचे काम केवळ वाचकाला वाट दाखवण्याचे असते, म्हणून ते जेथे वायर स्वच्छ वळवायची किंवा फोडायची आहे तेवढ्याच जागी ठेवावेत.

फाट्यांच्या बाबतीत वाचकाला क्रमाचा भ्रम होऊ शकतो. तीन फाटे वरून खाली काढलेले असले, म्हणून कामेही त्याच क्रमाने पूर्ण होतील असे धरून चालणे योग्य नाही. नोंद साठवल्यानंतरच संदेश पाठवायचा असेल, तर ही दोन कामे दोन फाट्यांवर न ठेवता एकामागून एक जोडावीत, म्हणजे क्रम आकृतीतच लिहिला जाईल. प्युअर डेटामध्ये क्रम ठामपणे सांगण्यासाठी ट्रिगर नावाचा वेगळा घटक याच कारणासाठी वापरला जातो.

याच्या उलट, अनेक वायर एका आतल्या पोर्टमध्ये येतात तेव्हा गैरसमजाचा धोका अधिक असतो. राजाराम, राधानगरी आणि गगनबावडा यांच्या तीन वायर एका नोडमध्ये शिरताना पाहून तेथे तीनही नोंदी एकत्र होतात असे वाटते. प्रत्यक्षात नोड-रेडमध्ये प्रत्येक संदेश स्वतंत्रपणे, ज्या वेळी येईल त्या वेळी, एकेकटा आत जातो. खरोखर एकत्र करायचे असेल तर जॉइन नोड मध्ये घालावा आणि त्याच्या नावात ‘तीन नोंदी एकत्र’ असे लिहावे. एकत्र करायचे नसेल आणि फक्त साठवायचे असेल, तर साठवणाऱ्या नोडचे नाव ‘प्रत्येक नोंद साठवा’ असे असावे.

लांब आणि अदृश्य जोडण्या

फ्लो वाढत जातो तशा काही वायर संपूर्ण पडदा ओलांडून जाऊ लागतात. अशा वेळी बहुतेक संपादक अदृश्य जोडणीची सोय देतात : नोड-रेडमध्ये लिंक आऊट व लिंक इन हे नोड जोडीने वापरले, की त्यांच्यामधील वायर एरवी दिसत नाही, ती नोड निवडल्यावरच दिसते. ही सोय मोहात पाडणारी आहे, कारण तिने आकृती क्षणात नीटनेटकी दिसते. पण लपलेली जोडणी म्हणजे कमी झालेली जोडणी नव्हे, आणि वाचकाला ती शोधण्यासाठी प्रत्येक टोक निवडून पाहावे लागते.

म्हणून मर्यादा अशी घालावी, की एकाच पानावरील जवळच्या नोडांसाठी दृश्य वायरच वापरावी, आणि अदृश्य जोडणी एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्यासाठी किंवा अनेक ठिकाणांहून येणाऱ्या एकाच सेवेसाठी, जसे संदेश पाठवणाऱ्या भागासाठी, राखून ठेवावी. दोन्ही टोकांना एकच नाव द्यावे आणि त्या नावात कोठून व कशासाठी हे दोन्ही असावे. ‘लिंक १’ हे नाव वाचकाला काहीही सांगत नाही, ‘पूरपातळी ते संदेश’ हे सर्व सांगते.

जेथे तीच रचना पुन्हा पुन्हा येते तेथे वायर सुधारण्यापेक्षा ती कमी करणे श्रेयस्कर ठरते. उदाहरणात तीनही नोंदींची शहानिशा सारखीच आहे : आकडा आला आहे का, तो संख्या आहे का, तो शक्य कोटीतील आहे का, नोंद जुनी तर नाही. ही चार कामे तीनदा काढण्याऐवजी त्यांचा एक सबफ्लो, म्हणजे अनेक नोड पोटात घेतलेला एकच नोड, करावा आणि त्याला ‘नोंद तपासा’ असे नाव द्यावे. संबंधित नोडांभोवती नावासह चौकट आखण्याची गट पाडण्याची सोयही अशीच उपयोगी आहे; गटांच्या नावांवरूनच फ्लोचा सारांश वाचता यावा, ही तिची कसोटी होय.

चुकांच्या वाटा

सुरळीत चालणाऱ्या कामाची वाट बहुधा नीट काढली जाते, आणि काही बिघडल्यास काय होते ही वाट कोपऱ्यात कशीतरी कोंबली जाते. पूरपातळीच्या फ्लोमध्ये मात्र बिघाडाची वाट अधिक महत्त्वाची आहे, कारण बंधाऱ्यावरील नोंद येणे थांबले आणि पडद्यावर जुनाच आकडा राहिला तर पाहणाऱ्याचा समज पूर्णपणे चुकीचा होतो. शहानिशेच्या नोडला दोन बाहेरचे पोर्ट ठेवावेत, वरचा योग्य नोंदीचा व खालचा संशयास्पद नोंदीचा, आणि चुकांच्या सर्व वायर मुख्य ओळीच्या खालच्या बाजूने एका ठरलेल्या पट्टीतून न्याव्यात, म्हणजे संपूर्ण प्रकल्पात खालची पट्टी म्हणजे बिघाड हा संकेत दृढ होईल.

नोड-रेडमधील कॅच नोड इतर नोडांतील त्रुटी पकडतो, पण त्या नोडांपासून त्याच्यापर्यंत वायर दिसत नाही. म्हणून तो कोणत्या नोडांवर लक्ष ठेवतो हे शेजारी टिपणीच्या नोडमध्ये लिहून ठेवावे. पुन्हा प्रयत्न करण्यासाठी वायर मागे न्यायची असेल तर ती खालच्या पट्टीतून न्यावी, आणि तिच्यावर विलंबाचा नोड ठेवून त्याच्या नावात किती वेळाने व किती वेळा हे लिहावे. विलंबाशिवायचे वर्तुळ यंत्राला अखंड फिरवत ठेवू शकते.

संपादक घडवणाऱ्यांसाठी

वापरणाऱ्याने कितीही शिस्त पाळली तरी साधनाने साथ दिली नाही तर ती टिकत नाही, म्हणून असे संपादक घडवणाऱ्यांनी काही गोष्टींकडे लक्ष देणे आवश्यक आहे. वायर बारीक दिसली तरी तिला निवडण्याचे क्षेत्र रुंद असावे. वेबवरील सुलभतेच्या निकषांच्या २०२३ मधील २.२ या आवृत्तीत दाबण्याच्या घटकांसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल हे माप सांगितले आहे, आणि पोर्टच्या ठिपक्याला ते लागू करण्यास हरकत नाही. त्याच निकषांनुसार अर्थ सांगणाऱ्या रेषेचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक निदान ३ ला १ असावा. नोड निवडल्यावर त्याच्यापर्यंत येणारी व त्याच्यापासून निघणारी संपूर्ण साखळी ठळक व्हावी आणि बाकीची फिकी व्हावी. वायर ओढत असतानाच ती कोठे जोडता येईल हे पोर्ट उजळवून सांगावे, आणि जोडणी नाकारली तर कारण शब्दांत द्यावे.

आपोआप मांडणी करून देण्याची सोय उपकारक आहे, पण तिला मर्यादा आहेत. कोझो सुगियामा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेली थरांची पद्धत, जीत नोड आधी थरांत वाटले जातात व मग प्रत्येक थरात छेद कमी होतील असा क्रम लावला जातो, आजही अशा सोयींच्या मुळाशी आहे. तथापि एखाद्या आकृतीत किमान किती छेद असू शकतात हे नेमके शोधणे संगणकासाठीही अत्यंत अवघड आहे, हे गॅरी व जॉन्सन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. म्हणून आपोआप मांडणी ही सूचना म्हणून यावी, निवडलेल्या भागापुरती लागू करता यावी आणि एका आज्ञेने मागे घेता यावी, कारण आपल्या हाताने मांडलेल्या नोडांच्या जागा वापरणाऱ्याच्या लक्षात राहिलेल्या असतात आणि संपूर्ण पट एकदम हलवला तर ती ओळख पुसली जाते.

मराठीतून काम करणाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. नोडची उंची केवळ रोमन अक्षरांचा विचार करून ठरवली, तर देवनागरीतील वरच्या मात्रा व वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. नावांसाठी पुरेशी उंची व रुंदी राखली तरच नोडांना मराठी नावे देणे व्यवहार्य ठरते, आणि स्थानिक तंत्रज्ञांसाठी लिहिलेल्या फ्लोमध्ये अशी नावे निःसंशय अधिक उपयोगाची असतात.

तपासणी

फ्लो पूर्ण झाल्यावर तो चालतो की नाही याच्या जोडीने तो वाचता येतो की नाही हेही तपासावे. त्यासाठी फ्लोचे चित्र एका कागदावर कृष्णधवल छापावे आणि तो न रचणाऱ्या व्यक्तीच्या हाती देऊन तिला तीन प्रश्न विचारावेत : राधानगरीचा विसर्ग कोठे कोठे पोहोचतो, धोक्याचा संदेश कोणत्या अटीवर सुटतो, आणि बंधाऱ्यावरील नोंद बंद पडली तर काय होते. ज्या ठिकाणी ती व्यक्ती अडखळते, बोट मागे नेते किंवा अंदाज करते, त्या ठिकाणची वायर, क्रम किंवा नाव सुधारावे; स्पष्टीकरण तोंडी देऊन पुढे जाऊ नये, कारण पुढच्या वाचकाजवळ ते स्पष्टीकरण देणारा कोणी नसेल.

अशी सुधारणा करताना मांडणीतील बदल आणि कामातील बदल वेगवेगळे साठवावेत. नोड नुसता हलवला तरी फाइलमधील त्याचे स्थान बदलते, आणि दोन्ही प्रकारचे बदल एकत्र साठवले तर नंतर दोन आवृत्त्यांची तुलना करणाऱ्याला खरा बदल कोणता हे त्या गर्दीतून वेचून काढावे लागते.

वर सांगितलेले नियम संख्येने बरेच असले तरी ते पाळायला विशेष साधन किंवा खर्च लागत नाही. नोडांचा क्रम, एककासह नाव, एकच दिशा, बिघाडाची ठरलेली वाट आणि लपवलेल्या जोडण्यांवरील संयम एवढ्यानेच बहुतेक फ्लो सुवाच्य होतात. पाणी चढत असताना रात्री फ्लो उघडणारी व्यक्ती बहुधा तो रचणारी नसते. म्हणून महाविद्यालयांतील शिक्षकांनी प्रकल्पांचे गुण देताना आणि कारखान्यांतील प्रमुखांनी काम स्वीकारताना, फ्लो चालतो का या प्रश्नाच्या जोडीला तो दुसऱ्या माणसाला वाचता येतो का हा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत ते काम पूर्ण झाले असे मानू नये.